घोडीचा हरभरा

आमच्या घरी दोघंच, मी आणि बाबा. बाबांना सत्तरी उलटली तरी साखर नाही, मलाही नाही. साखर निघाली ती घोडीला. मी रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते. निम्म्या शहराची साखर माझ्या हाताखालून जाते. आणि दारात बांधलेल्या जनावराचं मला कळलं नाही, याचा मला अजून राग येतो. लोकांना मात्र हसू येतं. "घोडीले शुगर?" असं विचारतात आणि एकमेकांकडे बघतात. मी आता सगळ्यांना एकच उत्तर देते. हो, घोडीले शुगर. तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्यासोबतच्या कुणी ऑटो घेतला, कुणी पानठेला टाकला. बाबांनी घोडी आणली, वरातीची, पांढरी. उत्तर नागपुरातल्या आमच्या गल्लीत तोवर म्हशी होत्या, बकऱ्या होत्या, पण घोडी कुणाच्या दारात नव्हती. गल्लीनं त्यांना वेड्यात काढलं. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घराला लागून टिनाचं शेड उभं केलं. आत्ताची ही त्यांची तिसरी घोडी. तिला ते 'बाई' म्हणतात आणि मला 'पोरी'. आवाज चढवायचा झाला तर तो माझ्यावर.

तिन्ही घोड्यांच्या काळात एक गोष्ट बदलली नाही. भिजवलेल्या हरभऱ्याची बादली बाबा शेडमध्ये ठेवत नसत. घोडीला बाहेर, रस्त्याच्या कडेला आणायचं, बादली तिच्यापुढे ठेवायची, वर गुळाचा मोठा खडा, आणि ती खाऊन होईपर्यंत आपण बाजूला उभं राहायचं. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, कारण शाळेतल्या पोरी त्याच रस्त्यानं जायच्या. आत खाऊ घाला म्हटलं की बाबा म्हणायचे, "पाहू दे. आपल्या घरची घोडी काय खाते ते पाहू दे लोकायले." मला ती मिजास वाटायची. गिरणी गेली पण ऐट गेली नाही, असं मी एकदा तोंडावर बोललेही होते.

त्यात वराती. नागपूरची वरात म्हणजे अर्धी मराठी, अर्धी हिंदी. नवरदेव घोडीवर चढला की त्याच्या बहिणी नाहीतर वहिन्या ताटात भिजवलेली चण्याची डाळ आणि गूळ घेऊन येतात, घोडीला भरवतात. मूळचा हिंदीवाल्यांचा रिवाज, पण आता कुणीही करतं. फोटोवाला म्हणतो, एकदा आणखी. मग मावशी म्हणते, मी राहिले. घोडीनं ताटात तोंड घातलं म्हणजे शकुन झाला. लग्नसराईत आमची घोडी रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरचा गूळ खायची आणि सकाळी बाबांचा. आयाळीखाली तिच्या मानेवर चरबीची घट्ट वळकटी जमली होती. बाबा तिच्यावर थाप मारून म्हणायचे, "पहा, कशी भरली."

मागच्या उन्हाळ्यात, लग्नं ऐन भरात असताना, ती चालायला कुरकुरू लागली. गल्लीतून सिमेंटच्या रस्त्यावर वळायचं झालं की अडायची. शेडमध्ये पुढचे दोन्ही पाय लांब ताणून, अंगाचा सगळा भार मागे टाकून उभी राहायची. एक पाय उचलायची, ठेवायची, दुसरा उचलायची, जसे आपण मे महिन्यात गच्चीवर अनवाणी गेलो की नाचतो तशी. बाबांनी नाल तपासली, पाय चोळले. मग त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं. हरभरा वाढवला. "ताकद कमी पडून राहिली बाईची," म्हणाले, आणि गूळही दुप्पट केला. चौथ्या दिवशी घोडी बसली ती दुपारपर्यंत उठली नाही.

जनावरांची डॉक्टर म्हणून आली ती माझ्याहून वयानं लहान, मोटारसायकलवरून उतरलेली पोरगी. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की, हिला बोलावलंस? तिनं खुरावर तळहात ठेवला. मग खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला बोटं लावली आणि मला म्हणाली, "हात लावून बघा." मी रोज माणसांच्या शिरा शोधणारी. तिथली नाडी इतकी जोरात उडत होती की मी हात मागे घेतला. खूर तव्यासारखं तापलं होतं.

"काय खाते?" तिनं विचारलं.

बाबांनी मोठ्या तोऱ्यात बादली पुढे आणली. डॉक्टरनं बादलीत बघितलं, घोडीच्या मानेवरची वळकटी दाबून बघितली आणि म्हणाली, "हे आजपासून बंद."

"किती दिवस?"

"कायमचं, काका."

ती खाली बसून समजावू लागली. माणसासारखी शुगर नव्हे, पण समजायला तेवढं पुरे. गोड आणि पिठूळ खाणं अशा घोड्यांच्या अंगावर उलटतं, आणि उलटतं ते थेट पायांवर. आपल्या नखाखाली जसं जिवंत मांस असतं तसं खुराच्या आतही असतं. ते सुजतं आणि खुरापासून सुटायला लागतं. "पूर्ण सुटलं तर आतलं हाड खाली सरकेल. मग हिला उभं राहता येणार नाही. त्यानंतर मला जे करावं लागेल ते मी आज बोलत नाही." एवढं सांगून तिनं सुया काढल्या.

जाताना तिनं कागद लिहून दिला. हरभरा बंद, डाळ बंद, गूळ बंद, पोळी-बिस्किट बंद, हिरवा चारा बंद, गोड धांड्यांचा कडबा बंद. फक्त वाळलं गवत, तेही तासभर पाण्यात बुडवून, पाणी फेकून, तोलून. खाली जाड वाळू, खुरं नीट कापायला नालबंद, आणि ती सांगेपर्यंत वरात नाही. बाबांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे उपाशी ठेवाचं," एवढंच म्हणाले.

मी ठरवलं की आता घर माझ्या हुकमानं चालणार. जुन्या कूलरची टाकी काढली, घासली आणि शेडच्या तोंडाशी ठेवली. सकाळी ड्युटीला जायच्या आधी गवत बुडवायचं, आंघोळ-चहा उरकायचा, मग उपसून दोरीवर निथळत ठेवायचं. पाणी चहासारखं तांबूस होई. पहिल्या दिवशी मी बाबांना म्हटलं, बघा, ही हिची साखर चालली गटारीत. त्यांनी बोट बुडवून चाटलं.

"गोड नाही."

"बाबा, ते चाखाले नाही ठेवलं."

"गोड नाही म्हणतो मी. गवताची चवबी घालवली तू." आणि ते आत जाऊन बसले.

लग्नघरांचे फोन यायचे ते मी घ्यायचे. घोडी आजारी आहे म्हटलं की पलीकडून शकुन-अपशकुन सुरू व्हायचं. एका नवरदेवाची आत्या दारात येऊन म्हणाली, फक्त दारापुढे उभी करा, डाळ भरवू द्या, फोटो काढू, दुसऱ्या घोडीवरून वरात काढू. मी म्हटलं, तुमच्या नवरदेवालाच भरवा डाळ, त्याचे पाय धड आहेत. ती बाई आजतागायत माझ्याशी बोलत नाही. मला त्याचं काहीही वाटत नाही.

महिन्याभरात घोडीची चरबी उतरू लागली. पाठ दिसायला लागली, मानेवरची वळकटी मऊ झाली. डॉक्टर खूश होती. गल्ली मात्र खूश नव्हती. इतकी वर्षं सकाळी रस्त्यावर दिसणारी बादली दिसेनाशी झाली होती, आणि घोडी रोडावत होती. दोनात दोन मिळवायला कुणाला वेळ लागतो? नळावर एक शेजारीण माझ्या देखत दुसरीला म्हणाली, "घोडीचं आता घरचेच खाऊन राहिले वाटते." दोघी हसल्या. मी घरी येऊन ते बाबांना सांगितलं, हसतच सांगितलं. इथे माझं चुकलं. बाबा हसले नाहीत. ताटावरून उठले, हात धुतला आणि शेडमध्ये गेले.

त्यानंतर आठच दिवसांत घोडी परत पाय ताणू लागली. खूर गरम. मी गवत दोन तास भिजवू लागले, तोलून दोन मुठी कमी केलं. फरक पडेना. मला वाटलं डॉक्टरचंच काही चुकतंय. मग एका दुपारी लॅबमधून लवकर आले. बाबा झोपले होते. शेडमध्ये भिंतीच्या कडेनं लाल मुंग्यांची रांग चालली होती. जिथे गोडाचा कण नाही तिथे मुंग्या कशाला येतील? रांगेमागे गेले तर ती खोगिराच्या मागे शिरत होती. खोगीर उचललं. खाली फडक्यात बांधलेला गूळ आणि डबाभर भिजलेला हरभरा.

मी बाबांना उठवलं. डबा त्यांच्या पुढ्यात आपटला. त्यांच्याशी मी कधी बोलले नव्हते असं बोलले. "तुम्ही तिले मारून राहिले, बाबा. ती डॉक्टर सुई घेऊन येईन तेव्हा तिचं डोकं तुम्हीच धरा, मी नाही धरणार." माझा आवाज रस्त्यावर जात होता. जाऊ दे म्हटलं, ऐकू दे.

बाबांनी डबा जवळ ओढला. मग म्हणाले, "माझ्या बापाले चोर म्हनलं होतं."

आजोबा मी पाहिलेले नाहीत. दीक्षेनंतर ते कायमचे नागपूरकर झाले, गिरणीत लागले, गेले, एवढंच मला माहीत. ते मौद्याकडच्या एका गावातून आले होते आणि त्या गावाचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे. का ते मी कधी विचारलं नव्हतं. त्या दुपारी बाबांनी सांगितलं.

गावच्या मालगुजाराकडे घोडी होती आणि आजोबा तिच्या गवतपाण्याला होते. वाड्यातून रोज हरभरा आणि गूळ मोजून मिळायचा, आजोबा तो घोडीला घालायचे. एका वर्षी घोडी पाय ताणून उभी राहू लागली. मालगुजार म्हणाला, दाणा कमी पडतोय. माप वाढवलं. घोडी आणखी लंगडली. परत वाढवलं. घोडी बसली. मग सगळ्यांना एकदम उमगलं की दाणा घोडीच्या पोटात जातच नाही. घालणाऱ्याच्या घरी खाणारी तोंडं पाच. त्याला भर चौकात उभा केला आणि तोंड उघडायला लावलं.

"कायले?" मी विचारलं.

"दातात हरभरा आहे का पाहाले." बाबांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट नेलं आणि खाली घेतलं. "मी तिथंच होतो. सहा वर्षाचा असन. एकेक जण येऊन वाकून पाहे. काही नव्हतं दातात. तरी चोरच म्हनलं. घोडी मेली त्या दिवशी आमाले गाव सोडाले लावलं."

मग मला ती बादली कळली. चाळीस वर्षं मी तिला मिजास म्हणत होते. मला माझ्या तोंडाची शरम वाटली, आणि त्याच वेळी अंगाचा तिळपापड झाला, इतका की कुणावर ओरडू ते कळेना. रडू आलं ते मी दाबलं नाही. पण डबा मात्र उचलून नेला, हरभरा शेजारच्या बकऱ्यांपुढे ओतला. दुःख खरं असलं तरी घोडीच्या खुरांना ते कळत नाही.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. बाबांना कळत होतं की घोडी आजारी आहे. पण हरभरा न देणं त्यांच्या हाताला येत नव्हतं. आणि मी कितीही कागद दाखवले तरी ती मी होते, घरची पोरगी.

दोन दिवसांनी डॉक्टर आली. मी काही बोलायच्या आत बाबांनीच सगळं कबूल केलं, गूळ, डबा, खोगीर. ती चिडली. त्यांनी तिला पूर्ण चिडू दिलं. मग विचारलं, "मॅडम, एक सांगा. हरभरा कमी पडला म्हून घोडं असं बसते काय?"

"कमी पडून? नाही. जास्त होऊन बसतं."

"समजा, घालणारा अर्धा चोरून खाते. मग?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली की, सांग. "मग घोडी बारीक होईल, काका. खुरं अशी सुजणार नाहीत. ज्या घोडीची अशी खुरं सुजली तिला दाणा मिळत होता. भरपूर मिळत होता."

"पक्कं?"

"अगदी पक्कं."

"माप वाढोलं तर आणखी बसन?"

"नक्की बसेल."

बाबा उठून शेडच्या खांबाला धरून उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. खांदे हलत होते. डॉक्टर घाबरून पुढे झाली तर त्यांनी हातानंच थांबवलं. जरा वेळानं तोंड पुसून म्हणाले, "हे कागदावर लिहून द्या. मराठीत. खाली सही, शिक्का." तिनं लिहून दिलं. तो कागद मी दुसऱ्याच दिवशी लॅमिनेट करून आणला, त्यांनी तसं बजावलंच होतं.

त्या दिवसापासून बाबा माझ्याहून कडक झाले. गवत तेच तोलू लागले, ताजव्यात एक काडी जास्त झाली तरी काढायचे. पोरं बिस्किटं घेऊन आली की, "तुमच्या मास्तरले चारा," म्हणून पिटाळायचे. नळावरच्या त्या शेजारणीला थांबवून त्यांनी खुराच्या आतलं मांस, हाड, सगळं समजावलं; ती बिचारी हंडा घेऊन अर्धा तास उभी. मला हसूही आलं आणि भरूनही. दिवाळीपर्यंत घोडी वाळूवर मोकळी फिरू लागली. थंडीत डॉक्टरनं सांगितलं, खुरं चांगली येताहेत, पुढच्या मोसमात हलक्या वराती करा. पहिलाच माणूस ठरवायला आला तेव्हा बाबांनी त्याला पाणी दिलं आणि अट घातली, "ताट आणाचं नाही. ताट आणलं तर घोडी तिथूनच वापस."

त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, सुट्टी काढ. कुठे जायचं ते सांगितलं नाही. बसमध्ये मौद्याचं तिकीट मागितलं तेव्हा मला कळलं. पुढे शेअर ऑटोनं गेलो. पासष्ट वर्षांहून जास्त काळानं बाबा त्या गावात पाय ठेवत होते, आणि पिशवीत तो लॅमिनेट केलेला कागद होता.

मालगुजाराचं घर आता दुमजली, गुलाबी फरश्यांचं. खाली खताचं दुकान. गल्ल्यावर त्यांचा नातू बसला होता, माझ्याच वयाचा, सभ्य माणूस. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, "बोला काका" म्हणाला. बाबा खुर्चीवर बसले. मग उठले. हे उभं राहूनच सांगायचं असावं.

त्यांनी आपल्या बापाचं नाव सांगितलं. नातवाला काही आठवेना. त्यांनी घोडीचं सांगितलं. तो ओशाळून म्हणाला, "काका, आमच्याकडे घोडी होती हेच मला माहीत नाही. माझ्या वडलांनी कधी सांगितलं नाही."

मला वाटलं बाबा खचतील. ज्या एका गोष्टीनं आमचं घर तीन पिढ्या पोखरलं, ती इथे कुणाच्या लक्षातसुद्धा नव्हती. मला त्या गुलाबी फरश्यांवर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. बाबांनी मात्र कागद काढून गल्ल्यावर ठेवला आणि त्याला मोठ्यानं वाचायला लावला. त्यानं वाचला, शिक्क्यापर्यंत. दुकानातली दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती.

"तुमाले माहीत नसन," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण रस्त्यापर्यंत ऐकू जात होता. "मले माहीत आहे. म्हून सांगाले आलो. माझ्या बापानं तुमच्या घोडीचा एक दाणा खाल्ला नाही. आन खाल्ला असता ना, तर तुमची घोडी वाचली असती."

बाबांनी कागद उचलून पिशवीत ठेवला, चपला घातल्या. मग माझ्याकडे वळले.

"चाल पोरी. बाईचं गवत भिजवाचं आहे."